बँकेच्या दप्तरी पाहिलेला समुद्र

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी वर्तमानपत्र उघडले, तर आतून एक गुळगुळीत रंगीत पत्रक निसटून खाली पडले. निळाशार समुद्र, पाण्याकडे झुकलेला माड आणि माडाखाली आरामखुर्चीत रेललेले एक जोडपे. वर ठळक अक्षरांत मजकूर होता : ‘हिवाळी सुट्टी समुद्रकिनारी! छत्रपती संभाजीनगरहून गोव्याला थेट चार्टर विमान. चार रात्री, पाच दिवस. जागा मर्यादित.’ अशी पत्रके मी एरवी न वाचताच रद्दीच्या गठ्ठ्यात टाकतो. पण या वेळी ते उचलले सौ.ने. चष्मा लावून तिने दोन्ही बाजू वाचून काढल्या आणि माझ्यापुढे चहाचा कप ठेवता ठेवता म्हणाली, ‘‘अहो, बँकेच्या हिशेबाने मी एकदा समुद्र बघून आलेय. आता एकदा माझ्या हिशेबाने बघू या का?’’

मी वर्तमानपत्रात डोके खुपसले. तिच्या या वाक्यामागे चौतीस वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातला आरोपी मी आहे. तो सांगणारच आहे. पण कर्ज मागायला आलेला माणूस जसा आधी हवापाण्याच्या गोष्टी करतो, तसे मलाही थोडे लांबून यावे लागेल.

आम्हा मराठवाड्याच्या माणसांना समुद्राचे नवल फार. आमच्या वाट्याला आली ती गोदावरी, तीही बहुतेक वर्षे उन्हाळ्यात वाळूच दाखवणारी. पुढे १९७६ साली पैठणला जायकवाडीचे धरण पुरे झाले आणि आम्हाला आमचा समुद्र मिळाला. त्याचे नावच मुळी नाथसागर! लहानपणी आमच्या मुलांना आम्ही तिथेच नेत असू. पलीकडचा काठ दिसत नाही म्हटल्यावर मुले विचारायची, ‘‘बाबा, समुद्र असाच असतो का?’’ आणि मी ठोकून द्यायचो, ‘‘असाच. फक्त खारट.’’ त्याच नाथसागरावर हिवाळ्यात हजारो मैलांवरून पक्षी येतात. रोहित येतात, पट्टकदंब हंस येतात. थंडी कडक झाली की ऊब शोधत निघायचे आणि ऋतू पालटला की परतायचे, हा शहाणपणा पाखरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. माणसांनी तो विमान भाड्याने घेऊन उचलला, इतकेच.

१९८९ साली माझी बदली गोव्याला झाली. शाखा कळंगुटच्या अलीकडे, रस्त्याला लागून होती. गोव्याला बदली म्हटल्यावर तेव्हाच्या औरंगाबादच्या शाखेत मला निरोप देताना जो हेवा सहकाऱ्यांच्या डोळ्यांत दिसला, तसा पुढे मॅनेजर झालो तेव्हाही दिसला नाही. प्रत्यक्षात घरी आई अंथरुणाला खिळलेली, मोठा मुलगा चौथीत, धाकटी बालवाडीत. त्यामुळे बिऱ्हाड इथेच राहिले आणि मी एकटा गेलो. रात्रीच्या एस.टी.ने पुणे, तिथून कोल्हापूर, कोल्हापूरहून घाट उतरून पणजी, आणि पणजीहून कदंबची बस. कोकण रेल्वे तेव्हा कागदावर होती. ती पूर्ण मार्गावर धावली १९९८ साली. दारातून निघाल्यापासून खोलीचे कुलूप उघडेपर्यंत एक रात्र आणि एक अख्खा दिवस जाई. सणासुदीला घरी यायचे म्हटले तरी निम्मी रजा रस्त्यातच संपे.

त्या शाखेत मी चार्टर विमान ही चीज पहिल्यांदा ओळखली. विमान प्रत्यक्ष दिसत नसे. ते उतरे दाबोळीला, नौदलाच्या विमानतळावर. सकाळचे बरेच तास तिथली धावपट्टी नौदलाच्या सरावासाठी राखलेली, त्यामुळे नागरी विमानांना उरलेल्या वेळा. पण विमान आले की आमच्या काउंटरवर कळायचे. उन्हात नुकतीच लाल होऊ लागलेली गोरी माणसे ट्रॅव्हलर्स चेकची पुस्तिका घेऊन रांगेत उभी राहत. प्रत्येक चेकवर एक सही आधीच केलेली असे. दुसरी आमच्या डोळ्यांदेखत करायची. दोन्ही सह्या ताडायच्या, पासपोर्ट पाहायचा, त्या दिवसाचा दर लावायचा, नोटा मोजून द्यायच्या आणि पैसे बदलल्याचा दाखला फाडून द्यायचा. कारण जाताना उरलेले रुपये परत बदलून घ्यायचे तर तो दाखला लागे. महिन्याभरात मी चेहरा पाहून सांगू लागलो, की हा पाहुणा पहिल्या आठवड्यातला आहे की दुसऱ्या. गोरा असेल तर पहिला, लालबुंद असेल तर मधला आणि सोलवटलेला असेल तर परतीचा!

या धंद्याची मेख मला एका इंग्रज जोडप्याने समजावून सांगितली. नवरा तिकडच्या एका शहरात बस चालवीत असे. बायको शाळेच्या स्वयंपाकघरात काम करी. दोघेही पन्नाशीच्या पुढचे. दर पंधरवड्याच्या हिशेबात थोडे थोडे बाजूला टाकून, नऊ-दहा महिने आधी दुकानात जाऊन त्यांनी ही सुट्टी नोंदवली होती. विमानाचे जाणे-येणे, विमानतळावरून हॉटेलपर्यंतची बस, चौदा रात्रींची खोली आणि सकाळची न्याहारी, सगळे एका पावतीवर. तो हसत म्हणाला, की घरी थंडीत शेगडी पेटती ठेवायला जो खर्च येतो, तो वजा केला तर हे फारसे महागही नाही. मी चेकवरच्या सह्या ताडत होतो. मनात आले, पाच हजार मैलांवरचा बस ड्रायव्हर आपल्या बायकोला माझ्या देशातला समुद्र दाखवायला घेऊन येतो, आणि मी बँकेतला ऑफिसर, समुद्रापासून दहा मिनिटांवर राहतो, आणि माझी बायको औरंगाबादेत टँकरच्या रांगेत उभी आहे.

त्याला ते का परवडत होते, हे कळायला मला बँकेतलाच हिशेब उपयोगी पडला. नेहमीचे विमान वेळापत्रकाप्रमाणे उडते, भरलेले असो की रिकामे. चार्टरचे तसे नाही. तिथे सहल कंपनी अख्खे विमान भाड्याने घेते. समजा, १८० आसनांचे विमान १८ लाखांना ठरवले. सगळी आसने भरली तर माणशी दहा हजार पडले. निम्मीच भरली तर वीस हजार. म्हणजे सगळा खेळ विमान भरण्याचा. ते भरावे म्हणून हॉटेलच्या खोल्या मोसमभरासाठी घाऊक भावाने आधीच घेऊन ठेवायच्या, दोन्हीची मोट बांधायची आणि एकच रक्कम सांगायची. गिऱ्हाईकाला कळू नये की यातले विमान कितीचे आणि खोली कितीची. विमान आठवड्याच्या ठरावीक दिवशी येते, नवी माणसे उतरवते आणि जुनी घेऊन जाते. मोसमातले पहिले विमान जाताना रिकामे आणि शेवटचे येताना रिकामे. त्या दोन रिकाम्या फेऱ्यांचा भारही सगळ्यांच्या तिकिटांवर वाटलेला असतो. भरणा कमी झाला तर शेवटच्या आठवड्यात भाव पाडायचे, नाहीतर दोन विमानांची माणसे एकात कोंबायची.

ही युक्ती तशी जुनी आहे. ५ जुलै १८४१ रोजी टॉमस कुक नावाच्या इंग्रजाने लेस्टरहून लफबरोला एक खास आगगाडी नेली. माणशी एक शिलिंग, सुमारे पाचशे माणसे, आणि निमित्त दारूबंदीच्या सभेचे! समुद्रकिनारच्या सहलींचा पुढे जो अवतार झाला, तो पाहून बिचाऱ्या कुकला काय वाटले असते कोण जाणे. विमानाची गोष्ट त्यानंतर शतकभराने आली. मॉस्कोत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये वृत्तसंस्थेत काम केलेल्या व्लादिमिर राइट्झने १९५० साली कॉर्सिका बेटावर पहिली सहल नेली. साडेबत्तीस पौंडांत विमान, तंबूत मुक्काम आणि जेवणखाण. सरकारने सुरुवातीला त्याला परवानगी दिली ती फक्त शिक्षक आणि विद्यार्थी नेण्याची. म्हणजे या प्रचंड उद्योगाचे पहिले गिऱ्हाईक म्हणजे मास्तर मंडळी!

गोव्यात अशी विमाने १९८५ सालापासून येऊ लागली. त्या पहिल्या मोसमात २४ विमाने आली आणि त्यांतून साडेतीन हजारांच्या आसपास माणसे. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९८३च्या नोव्हेंबरात, राष्ट्रकुलाचे प्रमुख विश्रांतीसाठी गोव्याला येऊन गेले होते, आणि जगाच्या नकाशावर या चिमुकल्या प्रदेशाकडे बोट गेले होते. पुढे विमाने वाढत गेली. २०१३-१४च्या मोसमात त्यांची संख्या हजारावर गेली. इंग्रजांच्या जोडीला रशियन आले. मग रुबल घसरला की रशियन कमी, युद्ध पेटले की विमाने कमी, असा तो भरती-ओहोटीचा धंदा झाला.

गोव्यातल्या सगळ्यांनाच याचा आनंद झाला होता, असे समजू नका. १९८७ साली, गोवा राज्य झाले त्याच वर्षी, जर्मनीहून आलेल्या चार्टर पाहुण्यांसमोर ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेचे कार्यकर्ते निषेधाचे फलक घेऊन उभे राहिले. शेणही फेकले गेले. बाहेरच्याला वाटावे, ही काय पाहुणचाराची रीत! पण मी तिथे राहिलो, खोलीच्या मालकिणीबरोबर विहिरीवर बादली घेऊन उभा राहिलो, तेव्हा मला त्यातली आग कळली. हॉटेलच्या तलावात पाणी आणि शेजारच्या वाड्यावरची विहीर तळाला. रापण ओढायची त्या वाळूवर खुर्च्या मांडलेल्या. शिवाय बँकेतल्या माणसाला दिसते ते असे, की पाहुण्याने भरलेल्या रकमेतला विमानाचा आणि सहल कंपनीचा वाटा तिकडच्या तिकडेच राहतो. आमच्या काउंटरवर येतो तो वरखर्च. १९९१च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतच्या बांधकामांवर नियम घातले, ते याच काळात. नियम किती पाळले गेले, हे कोणत्याही किनाऱ्यावर उभे राहून पाहता येते.

आता त्या इतिहासाकडे येतो.

बँकेच्या माणसांना एल.एफ.सी. म्हणजे काय, हे सांगायला नको. इतरांसाठी सांगतो : ठरावीक वर्षांतून एकदा बँक आपल्या माणसाला कुटुंबासह प्रवासाला जाण्यासाठी रजा आणि भाडे देते. जितका लांबचा पल्ला, तितके भाडे. त्यामुळे त्या काळी सगळ्या बँकवाल्यांचे आवडते ठिकाण म्हणजे कन्याकुमारी. त्यापुढे जमीनच नाही! १९९१ साली माझी पाळी आली. सौ.ला मी पत्राने कळवले, की या हिवाळ्यात आपण समुद्रावर जाऊ. तिने उलट पत्री लिहिले, की कन्याकुमारी नको, तुम्ही राहता तिथेच येते. मला समुद्र नुसता बघायचा नाही, समुद्रापाशी राहायचे आहे. रात्री झोपताना आवाज यावा आणि सकाळी उठल्यावर तो तिथेच असावा. ते पत्र अजून माझ्यापाशी आहे.

पण त्याच पावसाळ्यात आमच्या सिडकोतल्या घराची मागची कच्ची भिंत पडली. ते घर आम्ही हप्त्यांनी घेतले होते. आईच्या औषधपाण्याला पैसे लागत होते. जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले, डॉलर एकवीस रुपयांवरून सव्वीसच्या आसपास गेला, आणि माझ्या काउंटरवरच्या पाहुण्यांचे खिसे एका आठवड्यात फुगले. माझा होता तिथेच राहिला. तेव्हा एका अनुभवी सहकाऱ्याने मला वाट दाखवली. टॅक्सीची पावती मिळते, म्हणाला. जायचे कशाला?

मी ती पावती आणली. चौघांचा कन्याकुमारीचा प्रवास कागदावर केला. आयुष्यभर इतरांच्या सह्या ताडणाऱ्या माणसाने त्या बिलाखाली स्वतःची सही केली. रजा घेऊन औरंगाबादला आलो आणि नऊ दिवस घरात लपून राहिलो, कारण बाजारात बँकेचे कोणी भेटले तर? गुलमंडीला भाजी आणायलाही सौ. जायची. गवंड्याच्या हाताखाली मी विटा देत होतो. एल.एफ.सी.च्या पैशांतून मागची भिंत उभी राहिली. सहा फूट उंच, पक्क्या विटांची, वर सिमेंटची रुंद कड. नवव्या दिवशी सौ.ने त्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाली, ‘‘छान झालीय कन्याकुमारी.’’

त्या दिवसापासून आमच्या घरात त्या भिंतीचे नाव कन्याकुमारी. मुलांनाही वर्षानुवर्षे त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. ‘‘आई, कन्याकुमारीवर मांजर बसलंय,’’ असे ती पाहुण्यांसमोर बिनदिक्कत ओरडत, आणि मी कासावीस होई.

गोव्याला परतल्यावर शाखेत सगळ्यांनी विचारले, कसा झाला प्रवास? विवेकानंद शिला, तीन समुद्रांचा संगम, एकाच जागेवरून दिसणारा सूर्योदय आणि सूर्यास्त, सगळे मी छापील माहितीतून सांगितले. आमचा शिपाई निरागसपणे म्हणाला, ‘‘साहेब, तिथल्या रंगीत वाळूच्या पुड्या आणल्या नाहीत? सगळे आणतात.’’ त्याला काय उत्तर दिले ते आठवत नाही. त्याचा प्रश्न मात्र अजून आठवतो.

पुढे बढत्या झाल्या, बदल्या झाल्या. मॅनेजरच्या खुर्चीत बसल्यावर इतरांची एल.एफ.सी.ची बिले माझ्याच टेबलावर येऊ लागली. एकदा एका तरुण अधिकाऱ्याच्या बिलाला जोडलेली टॅक्सीची पावती पाहिली आणि मला क्षणात कळले, की ही गाडी कधीच जागची हललेली नाही. नियमाप्रमाणे मी ते प्रकरण वर पाठवायला हवे होते. मी त्याला केबिनमध्ये बोलावले, दार लावून घेतले आणि बिल परत घ्यायला सांगितले. तो रडवेला झाला, माझे पाय धरू लागला, ‘‘साहेब, तुम्ही देवमाणूस आहात,’’ म्हणाला. मी त्याला वाचवले, की त्याच्या आडून स्वतःला, याचा निकाल माझ्याच्याने आजवर लागलेला नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्या सचोटीवर तीन जण बोलले. सौ. पहिल्या रांगेत बसली होती. ती माझ्याकडे पाहून हसली, आणि त्या हसण्यात काय नव्हते!

या सगळ्या वर्षांत तिने समुद्र मुळीच पाहिला नाही, असे नाही. मुंबईला नातेवाइकांच्या दवाखान्यासाठी गेलो असता चौपाटीवर अर्धा तास उभी राहिली आहे. पण समुद्रापाशी राहणे झाले नाही. आधी आई, मग मुलांच्या परीक्षा, मग लग्ने, मग नातवंडे, मग तिचे गुडघे. मराठी माणसाने सहलीचे वेड घेतले ते आमच्या डोळ्यांदेखत. १९८४ साली केसरी पाटलांनी आपली सहल कंपनी काढली आणि बघता बघता आमच्या आळीतली माणसे पुरणपोळी बांधून घेतल्यासारखी स्वित्झर्लंडला जाऊन आली. आम्ही त्यांचे फोटो पाहिले.

तर त्या रविवारी मी ते पत्रक खिशात घालून त्यावरच्या पत्त्यावर गेलो. चकचकीत दुकान, गार हवा, हसतमुख मुलगा. ‘‘काका, फक्त पंचवीस टक्के भरा, सीट लॉक करून टाकतो.’’ मी खुर्ची ओढून बसलो आणि कर्जाचा अर्ज तपासावा तसे प्रश्न विचारू लागलो. विमान कोणत्या कंपनीचे? कोणत्या तारखेला, किती वाजता? आमच्या नावाचे तिकीट आणि त्याचा क्रमांक कधी हातात येणार? माणसे भरली नाहीत तर काय? पैसे परत, की पुढची तारीख? आणि हे सगळे लिहून देता का?

चिकलठाण्याहून खास विमाने उडूच शकत नाहीत, असे माझे म्हणणे नव्हते. हजच्या मोसमात इथून यात्रेकरूंची विमाने उडालेली या शहराने पाहिली आहेत. एका माणसाला निरोप द्यायला अख्खा मोहल्ला हार घेऊन विमानतळाबाहेर उभा असतो. पण त्यामागे हज समितीची यंत्रणा असते, यादी असते, तारीख असते. इथे तसे काही दिसेना. मुलगा घुटमळला. मग म्हणाला, ‘‘काका, ग्रुप भरला की विमान फायनल होतं.’’ म्हणजे विमान अजून ठरलेलेच नव्हते. आमच्यासारख्यांच्या पंचवीस टक्क्यांवर ते ठरणार होते. बँकेत याला आम्ही वेगळा शब्द वापरत असू. मी आभार मानले आणि उठलो.

असे पैसे अडकण्याची गोष्ट काही फक्त आपल्याकडचीच नाही. १९७४च्या ऑगस्टमध्ये, ऐन सुट्टीच्या मोसमात, इंग्लंडमधली कोर्ट लाइन ही मोठी चार्टर आणि सहल कंपनी बुडाली आणि हजारो माणसे परदेशी किनाऱ्यांवर अडकली. तेव्हापासून तिकडे सहल कंपन्यांकडून हमीची रक्कम घेण्याची व्यवस्था घट्ट झाली. २३ सप्टेंबर २०१९ रोजी खुद्द टॉमस कुकने काढलेली, पावणेदोनशे वर्षांची इंग्लंडमधली कंपनी कोसळली, तेव्हा त्या देशाच्या सरकारी यंत्रणेने विमाने भाड्याने घेऊन सुमारे दीड लाख माणसे घरी आणली. (आपल्याकडची त्या नावाची कंपनी निराळी. तिचा या बुडण्याशी संबंध नव्हता.) गोव्याच्या त्या हिवाळ्यातल्या चार्टर विमानांना मात्र तो फटका बसलाच. आपल्याकडे तशी परतीची हमी नाही. आपली हमी म्हणजे नीट वाचलेली पावती. आणि फसगत झालीच तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क पडत नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

मग मी निराला बाजारकडच्या एका साध्या, जुन्या एजंटाकडे गेलो. या वेळी सौ.ला बरोबर नेले. तिथे पुन्हा तेच प्रश्न. ‘चार रात्री, पाच दिवस’ म्हणजे किती, तेही मोजले. खोली मिळते दुपारी दोनला आणि सोडायची सकाळी अकराला. म्हणजे पाच दिवसांतले हातात येतात ते जेमतेम साडेतीन-चार. न्याहारी आणि रात्रीचे जेवण पावतीत आहे, दुपारचे नाही. नाताळ ते नवे वर्ष या दिवसांत दर चढे, आणि कित्येक हॉटेलांत एकतीस डिसेंबरच्या रात्रीची मेजवानी तुम्हाला हवी असो वा नसो, बिलात धरलेलीच. एजंट म्हणाला, ‘‘काका, जानेवारीत जा. हवा तीच, समुद्र तोच, पैसे कमी.’’ सौ. म्हणाली, ‘‘संक्रांत झाली की निघू. पण रथसप्तमीच्या आत परत. माझं हळदीकुंकू राहायचंय.’’

नियमित विमानाची तिकिटे, दोघांच्या नावांची, क्रमांकासकट. उतरायचे मोपाला. माझ्या वेळी तिथे नुसता माळ होता. जानेवारी २०२३ पासून तिथे नवा विमानतळ सुरू झाला आहे. खोली तळमजल्यावर, गुडघ्यांसाठी. रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती कापणार, ते पावतीच्या मागे लिहून घेतले. मी सही करणार इतक्यात सौ.ने माझा हात धरला. ‘‘खोलीतून समुद्र दिसतो का, विचारा.’’

‘‘हो काकू, सी व्ह्यू आहे,’’ एजंट म्हणाला.

‘‘दिसतो म्हणजे कसा? खिडकीतून मान वाकडी करून, की उठल्या उठल्या?’’

एजंट हसला. मग त्याने प्रामाणिकपणे कबूल केले, की सी व्ह्यू म्हणजे बाजूने दिसणारा, आणि समोर दिसणाऱ्या खोलीचे रात्रीला हजार-बाराशे जास्त पडतात. माझ्यातला बँकवाला लगेच गुणाकार करू लागला. चार रात्री, म्हणजे चार-पाच हजार. नुसत्या मान वळवण्याचे! मी तोंड उघडणार होतो. मग मला ते पत्र आठवले. सकाळी उठल्यावर तो तिथेच असावा. मी मुकाट्याने समोरच्या खोलीचे पैसे भरले.

बँकेचे जे घेतले ते मात्र या पावतीने फिटत नाही, हे मला कळते. तिचे देणे वेगळे, बँकेचे वेगळे. दोन खाती एकमेकांत मिसळायची नसतात, हे मी कित्येक नवशिक्यांना शिकवले आहे. बँकेच्या खात्यावर आज माझ्यापाशी एवढेच आहे, की इतक्या वर्षांनी ही गोष्ट मी माझ्या नावाखाली छापायला देतो आहे. ज्या तरुण अधिकाऱ्याने मला देवमाणूस म्हटले, त्याने ती वाचली तर बरे होईल.

सौ.ने तयारी सुरू केली आहे. पाण्यात भिजल्या तरी चालतील अशा चपला आणल्या. वाळू झाडायला जुना पंचा काढून ठेवला. नातवाने फोनवर विचारले, ‘‘आजी, विमानात खिडकी मिळणार का?’’ तर म्हणाली, ‘‘ती नाही मिळाली तरी चालेल. दुसरीचे पैसे भरलेत.’’

परवा सकाळी मी मागच्या अंगणात गेलो, तर ती भिंतीच्या रुंद कडेवर ताटात तिळगुळाचे तीळ उन्हाला ठेवत होती. माझी चाहूल लागली तशी मागे न बघताच म्हणाली, ‘‘कन्याकुमारीवर ऊन मात्र चांगलं येतं हो.’’